पक्षाघातानंतर शब्द अडले तर: घरी रोज करायचा बोलण्याचा आणि स्मरणाचा सराव

पक्षाघाताच्या पाचव्या दिवशी अप्पांनी पाणी मागितलं. तांब्याकडे बोट केलं, ओठ हलवले आणि शब्द आला तो 'टॉवेल'. चुकलं हे त्यांनाही कळलं. मान हलवून परत प्रयत्न केला, परत 'टॉवेल'. तिसऱ्यांदा त्यांनी डोळेच मिटून घेतले. चाळीस वर्षं सोलापूरच्या नवी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान चालवलेला माणूस, हजारो गिऱ्हाइकांशी बोललेला. आई वॉर्डाबाहेर येऊन म्हणाली, "ह्यांना काही आठवंना झालंय गं."

आईचं ते वाक्य चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे कळायला आम्हाला दीड महिना लागला. अप्पांना सगळं आठवत होतं. पाणी म्हणजे काय, तहान म्हणजे काय, समोर कोण उभं आहे, सगळं. तुटली होती ती मनातल्या गोष्टीपासून शब्दापर्यंत जाणारी वाट. तो दीड महिना तुमच्या घरी वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, मुलगी आहे. पण तीन वर्षं रोज सराव घेतला आहे, आणि वाचाउपचारतज्ज्ञ (स्पीच थेरपिस्ट) बाईंच्या देखरेखीखाली घेतला आहे.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

या आजाराला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतील. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डाव्या बाजूला चालतं. तिथला रक्तपुरवठा तुटला की भाषा बिघडते, आणि डावा मेंदू शरीराची उजवी बाजू हलवतो म्हणून बऱ्याचदा उजवा हातपायही लुळा पडतो. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला वाचाघात होतो, म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

काहींना समजतं बरंच, पण बोलताना एकेक शब्द ओढून काढावा लागतो. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या डॉक्टरने असा रुग्ण तपासला होता, त्याच्या तोंडून 'टॅन' एवढाच उच्चार यायचा. काहींचं उलट असतं. बोलणं धो-धो वाहतं, पण त्यात अर्थ सापडत नाही आणि समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही. काहींना फक्त नावं आठवत नाहीत. आणि काहींचं समजणं-बोलणं-वाचणं-लिहिणं सगळंच गेलेलं असतं.

याच्याशी दोन गोष्टींची गल्लत करू नका. जीभ-ओठांचे स्नायू कमकुवत होऊन उच्चार बोबडे होणं वेगळं. तिथे शब्द बरोबर असतो, फक्त अस्पष्ट येतो. आणि विसराळूपणा वेगळा. वाचाघात झालेला माणूस मुलीला 'सूनबाई' म्हणेल, पण रिक्षा कुठे वळवायची ते हाताने अचूक दाखवेल. तिन्हींचा सराव वेगळा, म्हणून तपासणीशिवाय सुरुवात करू नका.

पहिल्या आठवड्यातली कामं

पाणी मागितलं म्हणून लगेच पाणी पाजू नका. पक्षाघातानंतर गिळण्याची तपासणी आधी करून घ्यावी लागते, कारण ठसका लागून पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

चष्मा, कवळी, श्रवणयंत्र घरून आणा. हे लहान वाटतं, पण चष्म्याशिवाय चित्र दाखवून 'ओळखत नाहीत' असं आम्ही दोन दिवस मानत होतो.

नजर उजवीकडे पोचते का पाहा. अप्पांच्या ताटातली उजव्या बाजूची चटणी तशीच राहायची. आम्हाला वाटलं, चव गेली. खरं तर उजवीकडचं दिसतच नव्हतं. तेव्हापासून चित्रं, कागद, मोबाइल सगळं त्यांच्या डाव्या बाजूला धरायला लागलो आणि 'न येणारे' निम्मे शब्द यायला लागले.

'हो' आणि 'नाही' तपासा. उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न विचारा: "आत्ता रात्र आहे का?", "आपण सोलापुरात राहतो का?", "आपण पुण्यात राहतो का?" वाचाघातात माणूस 'हो' म्हणत मान नाहीची हलवतो, असं पुष्कळदा होतं. दहापैकी दोन-तीन चुकत असतील तर तोंडच्या 'हो'वर विसंबू नका. एका पुठ्ठ्यावर हिरवी बरोबरची खूण आणि दुसऱ्यावर लाल फुली काढून द्या, बोट ठेवू द्या. औषध, दुखणं, पैसे यांबद्दलचा प्रश्न दोनदा विचारा, दुसऱ्यांदा उलटा करून.

तज्ज्ञ शोधायचे तर शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशीला सुरुवात करा, वाचाउपचाराचं काम बहुधा त्याच विभागाशी जोडलेलं असतं. सोलापुरात म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आपलं सिव्हिल. खासगीत जाणार असाल तर अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. गावात वेळ मिळत नसेल तर व्हिडिओवर सत्रं घेणारे तज्ज्ञ आहेत. मुंबईची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या केंद्र सरकारच्या संस्था याच कामाच्या आहेत.

आम्हाला एका खासगी दवाखान्यात सांगितलं गेलं होतं, "आता जेवढं यायचं तेवढं आपोआप येईल." यातलं निम्मं खरं. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहून वेगाने सावरतो. पण उपचाराने त्यात भर पडते, हे २०१६ साली ५७ चाचण्यांतल्या ३००२ रुग्णांची माहिती एकत्र तपासून दाखवलं गेलं आहे. आणि सहा महिन्यांनंतर काही उपयोग नाही, हे तर साफ चूक. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेले १५६ लोक होते. त्यांनी तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार घेतले आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं.

सरावाआधी आपली बोलायची पद्धत बदला

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि याला एक रुपया लागत नाही.

टीव्ही बंद करा. पंखा खडखडत असेल तर तोही. समोर बसा, नजरेच्या पातळीवर. एका वेळी एकच माणूस बोलेल. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची, सगळे एकदम बोलायचे आणि अप्पा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मग आईने नियम केला, एका वेळी दोघंच आत.

वाक्य लहान ठेवा, आवाज नेहमीचा. ओरडू नका, कान चांगले आहेत. लहान मुलाशी बोलतात तसं लाडात तर मुळीच नको. 'अहो अप्पा' होतात ते 'अहो अप्पा'च राहू द्या.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे किती लांब असतात ते तेव्हा कळतं. आपण चौथ्या आकड्याला शब्द सुचवून मोकळे होतो आणि त्यांचा अर्ध्यावर आलेला शब्द परत आत जातो.

उघडा प्रश्न अडला तर पर्याय द्या, आणि ते जाड मार्करने लिहून समोर ठेवा: 'चहा', 'ताक'. मराठी वाचता येत नसेल तर वस्तूच ठेवा. हाताने खुणा करा, कागदावर रेघोट्या काढा, मोबाइलमधला फोटो दाखवा. कळलं असं वाटलं की आपल्या शब्दांत परत विचारून खात्री करा: "म्हणजे भाऊला फोन लावू?" कळलं नाही तर कळल्यासारखं दाखवू नका, त्यांना लगेच समजतं. "मला कळलं नाही अप्पा, पण तुम्हाला काय म्हणायचंय ते तुम्हाला ठाऊक आहे. चहा पिऊन परत बघू," असं म्हणा. या एका वाक्याने आमच्याकडचे कितीतरी संताप निवले.

अप्पांचा अडकलेला शब्द पुढे 'टॉवेल' वरून 'आलं आलं' झाला. कशालाही 'आलं आलं'. त्यावर हसू नका, तोडू नका. सुराकडे कान द्या. रागाचं 'आलं आलं', मस्करीचं, दुखतंय तेव्हाचं, सगळी वेगळी होती.

शब्द परत आणायचा सराव

वेळ सकाळची ठेवा. चहा-न्याहारी झाल्यावर आठ-साडेआठला वीस मिनिटं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर वीस. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी धडधाकट माणसाचं डोकं चालत नाही, दुखावलेला मेंदू तर लवकरच थकतो. थकवा दिसला की थांबा.

शब्द कुठून घ्यायचे? बाजारातून अंकलिपी आणून 'अ अननसाचा' सुरू करू नका. आम्ही ती चूक केली. अप्पांनी पुस्तक डाव्या हाताने पलंगाखाली ढकललं. त्यांना अक्षरओळख नव्याने करून घ्यायची नव्हती, आणि अननस त्यांच्या आयुष्यात कधी नव्हताच. तीस शब्द निवडा, ते त्यांच्याच दिवसातले: घरच्यांची नावं, जेवणातल्या गोष्टी, दुखणं-औषध, धंद्यातल्या वस्तू, आवडीची ठिकाणं. आमच्या यादीत चादर, डझन, उधारी, सिद्धेश्वर, कंबर तलाव, कडक भाकरी असे शब्द होते. प्रत्येकाचा खरा फोटो मोबाइलवर काढा. दर आठवड्याला दहा शब्द घ्या.

आता एक शब्द कसा घ्यायचा ते पाहा. समोर शेंगाचटणीची वाटी. कागदाच्या मध्यभागी फोटो, भोवती रिकामी घरं. मी विचारायचे: हे कशात मोडतं? खायचं की पांघरायचं? कशाबरोबर खातात? चव कशी? कशाची करतात? घरात कुठे असते? एकेक उत्तर मी त्या घरात लिहायचे. बोलता आलं नाही तर अप्पा बोट दाखवायचे, किंवा खलबत्त्यात कुटल्यासारखा हात करायचे. तो हात मी उत्तर म्हणून धरायची. मग नाव विचारायचं. मध्येच नाव आलं तरी उरलेली घरं भरायचीच, कारण काम त्या जाळ्याचं आहे. एका शब्दाभोवतीचे धागे जितके पक्के, तितका तो शब्द पुढच्या वेळी लवकर हाताला लागतो.

नाव आलं नाही तर मदत पायरीपायरीने वाढवा. आधी नुसतं थांबा. मग अर्धं वाक्य: "भाकरीबरोबर तोंडी लावायला शेंगाची..." मग पहिला ध्वनी. इथे अक्षराचं नाव घेऊ नका, ध्वनी द्या, आणि बरोबर ध्वनी द्या. चटणीतला च आणि चिमट्यातला च वेगळे आहेत, चुकीचा च दिला तर माणूस भलतीकडे जातो. तरी नाही, तर दोघांनी मिळून म्हणा. शेवटी तुम्ही म्हणा आणि ते मागून म्हणतील. कुठल्याही पायरीवर आला तरी तो आला. पाच मिनिटांनी तोच फोटो परत दाखवा. वहीत कोणत्या पायरीवर आला तेवढा आकडा लिहा. अप्पांची 'चटणी' पाचव्या पायरीवरून पहिल्यावर यायला नऊ दिवस लागले.

चौथ्या आठवड्यापासून क्रियापदं घ्या, ती मागे ठेवू नका. नुसत्या नावांनी बोलणं होत नाही. 'मोजणे' घ्या. कोण मोजतं? काय मोजतं? कुठे? दुकानदार पैसे मोजतो, नर्स नाडी मोजते. एका क्रियापदाने चार वाक्यं सुटतात.

पाढे, आरती आणि चाल

आकडे, वार, पाढे, आरती ही घोटलेली भाषा पुष्कळदा शाबूत राहिलेली असते. बोलणं बंद असलेला माणूस आरतीत सूर मिसळतो आणि घरचे हरखून जातात. हरखा, पण त्यावरून 'आता बोलतीलच' असं धरू नका. घोटलेलं म्हणणं आणि नवं वाक्य जुळवणं या मेंदूच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. याचा उपयोग तोंड मोकळं करायला आणि हिंमत यायला. सत्राची सुरुवात आम्ही सोमवार-मंगळवारपासून करायचो. पुढे युक्ती अशी की मी 'रविवार, सोमवार' म्हणून थांबायचे आणि तिसरा त्यांनी घालायचा, मग त्याच वाराला काय असतं ते विचारायचे.

समजतं बरं पण शब्द ओढून काढावे लागतात अशांसाठी चालीवर बोलण्याचा एक उपचार १९७३ साली बोस्टनमध्ये मांडला गेला. रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत, एक वरचा एक खालचा, डाव्या हाताने ताल धरून म्हणायची: 'पा-णी द्या'. आधी गुणगुणायचं, मग एकत्र, मग तुम्ही मध्येच आवाज सोडून द्यायचा, शेवटी चाल काढून साधं बोलायचं. घरी करण्याआधी तज्ज्ञांकडून एकदा शिकून घ्या.

कोणत्या भाषेत?

सोलापुरात हा प्रश्न घरोघर आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, यंत्रमागावर मराठी. आमच्या घरात कन्नड, दुकानात मराठी, शेजारी दखनी उर्दू. बहुभाषक माणसाला वाचाघात झाला की कधी सगळ्या भाषा सारख्या सावरतात, कधी एक पुढे जाते, एक मागे राहते. लहानपणची आधी येईल की रोजच्या वापरातली, याचा ठाम नियम नाही.

अप्पांच्या बाबतीत आम्ही दीड महिना फक्त मराठीत विचारत होतो. एकदा आईने घडी घातलेले टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवले. अप्पांचा डावा हात आपोआप कडांवरून सरकला आणि तोंडातून आलं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." हत्तु, म्हणजे दहापर्यंत. त्यांची आई त्यांना कन्नडमध्ये मोजायला शिकवून गेली होती आणि चाळीस वर्षं ते मनात तसंच मोजत होते.

म्हणून तज्ज्ञांकडे जाताना भाषांचा इतिहास लिहून न्या: लहानपणी घरी कोणती, शाळेत कोणती, धंद्यात कोणती, मोजतात कशात, देवाशी बोलतात कशात, रागावतात कशात. ज्या भाषेत घरची माणसं रोज बोलणार आहेत तीत सराव ठेवा. शब्द दुसऱ्या भाषेत आला तर तो बरोबरच धरा. 'नीरु' म्हणाले तर पाणी आधी द्या, मग म्हणा, "हो, नीरु, पाणी." 'मराठीत सांगा' म्हणून अडवू नका.

स्मरणाचं काय?

वाचाघात म्हणजे विसर नव्हे, पण पक्षाघाताने लक्ष टिकणं आणि ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं हेही बऱ्याचदा दुबळं होतं. 'उठा, चष्मा घ्या आणि बाहेर या' यातलं फक्त 'उठा' उरतं. एक सूचना, मग दुसरी.

नवी माहिती पक्की करायला वाढत्या अंतराची पद्धत चांगली. समजा संध्याकाळची गोळी कुठल्या डबीत ते लक्षात ठेवायचंय. सांगा, लगेच विचारा. मग अर्ध्या मिनिटाने विचारा, मग एका, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधल्या वेळात गप्पा मारा. चुकलं तर 'आठवा, आठवा' असा तगादा नको, लगेच बरोबर उत्तर दाखवा आणि आधीच्या अंतरावर या. अंदाजाने चुकीचं उत्तर पुन्हा पुन्हा दिलं की मेंदू तेच घोटतो. उत्तर तोंडीच हवं असं नाही, डबीवर बोट ठेवलं तरी चालेल.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी त्यांच्याच हाताने कालच्या तारखेवर फुली. आणि एक फोटोंची वही करा: पानावर एक फोटो, खाली एक ओळ. आमच्या वहीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांचं, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचं पान आहे. पाहुणे आले की अप्पा तेच पान उघडतात आणि बोलण्याची सूत्रं आपल्या हाती घेतात.

लक्ष ठेवायच्या गोष्टी

पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं ते लपून राहतं. जेवण सोडलं, सराव सोडला, रात्री जाग राहते, तर 'हट्टी झालेत' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

बोलणं एकाएकी पुन्हा बिघडलं, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं तर सराव घेऊन बघत बसू नका. १०८ ला फोन करा, लक्षण कधी सुरू झालं ती वेळ सांगा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातल्या वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येतच अफेजियाचा उल्लेख आहे. बऱ्याच लोकांना वाटतं प्रमाणपत्र फक्त हातापायाचं मिळतं. कायद्यात 'कायमस्वरूपी' असा शब्द आहे, म्हणून आजार स्थिरावल्यावर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. तपासणीला जाताना स्कॅन, डिस्चार्ज कार्ड आणि वाचाउपचारतज्ज्ञांचा अहवाल न्या.

एकट्याने बाहेर पडायची तयारी

तीन-चार प्रसंग निवडून त्यांचे संवाद पाठ करून घ्या: फोन उचलणं, रिक्षा ठरवणं, दुधाचा हिशेब. रिक्षाचा संवाद आमच्याकडे पाच ओळींचा होता. मी रिक्षावाला, अप्पा गिऱ्हाईक. "नवी पेठ. किती?" "जास्त होतं." "चला." एवढंच, पण रोज वीस वेळा, दोन महिने. मग मी मागच्या सीटवर गप्प बसून आणि बोलायचं अप्पांनी, असं चारदा केलं.

खिशात कार्ड हवंच. आमच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'मला पक्षाघात झाला होता. मला सगळं समजतं, पण बोलायला वेळ लागतो. कृपया सावकाश बोला आणि थांबा.' खाली घरचे दोन फोन नंबर, मागच्या बाजूला हेच कन्नडमध्ये. लॅमिनेट करून तीन प्रती काढा. एक डाव्या खिशात, कारण बाहेर काढणारा हात डावा आहे. एक पाकिटात. आणि एक नेहमीच्या रिक्षावाल्याकडे.